मोठ्या जनावरासाठी रायफलचं कॅलिबर कोणतं? ठाण्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्य आहे. आज घोडबंदर रोडवर माझा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे, पण त्याआधी अकरा वर्षं मी नामिबियात होते. शेतावर शिकार झालेल्या जनावरांचं मांस विक्रीला जाण्याआधी तपासायचं, हे तिथलं माझं काम. कातडं उतरलं की गोळी कुठून शिरली, कुठे अडली, काय फाडलं आणि काय चुकवलं, सगळं समोर उघडं पडायचं. पुढे मीही रायफल चालवायला शिकले.

ठाण्यात परतल्यावर ही गोष्ट हळूहळू पसरली. आता कुणाचा भाचा कोलोरॅडोत असतो, कुणाची मुलगी मेलबर्नला, कुणी स्वतःच आफ्रिकेला निघालेलं असतं, आणि कुत्र्याला इंजेक्शन देता देता विचारणा होते, "मॅडम, मोठ्या जनावराला कोणती रायफल?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

भारतात शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला कुठलीच वाट उरलेली नाही. या कायद्यात सापळा लावणं, फास टाकणं, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आहे. तानसा, तुंगारेश्वर, माळशेजच्या बाजूला "रात्री एखादी चक्कर मारू" असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्या गाडीत बसू नका. त्या माणसाला मी कॅलिबरही सांगणार नाही.

हे पान ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे आणि परवाना घेऊन होते, तिथे जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना नुसतं समजून घ्यायचंय, त्यांचंही स्वागत.

कॅलिबर म्हणजे नेमकं काय? .३०-०६, .३०८, .३०० मॅग्नम, सगळे .३० च, मग फरक कसला?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीची किंवा गोळीची जाडी, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. तुम्ही म्हणता त्या तिन्ही काडतुसांत गोळी एकाच जाडीची असते, ०.३०८ इंच, म्हणजे ७.८ मिलिमीटर. फरक आहे तो मागच्या पितळी कवचात. कवच मोठं, तर दारू जास्त. दारू जास्त, तर वेग जास्त आणि खांद्याला बसणारा धक्काही जास्त. म्हणून नुसतं ".३० ची रायफल" म्हणून भागत नाही, काडतुसाचं पूर्ण नाव लागतं. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६, अमेरिकी लष्कराने ते काडतूस स्वीकारलं ते साल. .३०८ विंचेस्टर १९५२ चं, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चं.

तिसरी गोष्ट गोळीचं वजन. ते ग्रेनमध्ये मोजतात. १८० ग्रेन म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम. दुकानात उभं राहून ग्रेन आणि ग्रॅम यांची गल्लत करू नका, आकडे पंधरापटीने बदलतात.

मोठं कॅलिबर घेतलं की जनावर जागच्या जागी पडतं ना?

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबते.

गोळीच्या "धक्क्याने" जनावर मरत नाही. मेंदूला रक्त पोचायचं बंद झालं की ते मरतं. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदयाच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या, तर रक्तदाब काही सेकंदांत कोसळतो आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात निरोगी हरिण पन्नास-शंभर मीटर पळू शकतं. म्हणून अगदी उत्तम गोळी लागूनही जनावर पळालं, तर काही चुकलं असं समजू नका. जागच्या जागी पडतं ते मेंदू किंवा मणका तुटल्यावर. ती लक्ष्यं फार लहान असतात आणि नेम जरा चुकला तर जबडा फुटलेलं जनावर आठवडाभर उपाशी मरतं. मी अशी दोन पाहिली आहेत.

पोटात लागलेली मोठी गोळी आणि पोटात लागलेली लहान गोळी, यांत जनावराच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. तासन् तास हाल दोन्हीत. छातीत नीट बसलेली मध्यम गोळी या दोन्हींपेक्षा कितीतरी दयाळू. तपासणीच्या टेबलावर मला वाईट जखमा दिसायच्या त्या बहुतेक वेळा लहान कॅलिबरच्या नसायच्या. ज्या माणसाला स्वतःच्या रायफलची भीती वाटत होती, त्याच्या रायफलच्या असायच्या. त्याने चाप दाबण्याआधीच डोळे मिटलेले असायचे, खांदा मागे घेतलेला असायचा आणि गोळी वीतभर मागे सरकलेली असायची.

माझंही तेच झालं. माझं पहिलं ऑरिक्स, म्हणजे लांब सरळ शिंगांचं मोठं आफ्रिकी हरिण. मी उसनी .३०० मॅग्नम घेतली होती, कारण सगळे म्हणाले की ऑरिक्स चिवट असतं. सरावाच्या तिसऱ्या गोळीनंतरच खांदा दुखायला लागला होता, पण ते कुणाला बोलले नाही. गोळी फुप्फुसांच्या मागे, पोटात लागली. माग काढणाऱ्या गड्याबरोबर आम्ही सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत चालत होतो. ते जनावर आम्हाला तीनदा उठताना दिसलं. त्यानंतर सहा महिने मी रायफलला हात लावला नाही, आणि लावला तेव्हा ७×५७ माउझर घेतली. तिचा धक्का मला झेपतो.

एकच रायफल घ्यायची तर कोणती?

.३०-०६. एवढं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाला माझ्याकडे नाही. १८० ग्रेनची गोळी सुमारे ८२० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या आसपास. चितळापासून अमेरिकेतल्या एल्क आणि मूस या मोठ्या हरणांपर्यंत, आफ्रिकेतल्या मोठ्या कुडू हरणालाही ती पुरते, आणि शिकारीच्या जवळपास प्रत्येक देशात तिची काडतुसं मिळतात. सामानातली काडतुसं वाटेत हरवली, तर हाच मुद्दा तुमची सहल वाचवतो.

.३०८ तिच्या अगदी मागोमाग आहे आणि धक्का किंचित कमी. १९२५ सालची .२७० विंचेस्टर उघड्या डोंगराळ मुलखात फार छान. हलक्या बांध्याच्या माणसाला, पहिल्यांदा रायफल धरणाऱ्या तरुण मुलामुलीला ७×५७, ७ मिलिमीटर-०८ किंवा ६.५ क्रीडमूर. यांतल्या कुठल्याही रायफलने, चांगली गोळी वापरून आणि अंतर आवरतं ठेवून, कुडूएवढं जनावर स्वच्छ पडतं.

मग मॅग्नम घेऊच नये?

ज्याला झेपते त्याने घ्यावी. लांब, वाऱ्याच्या कुरणांत तिचा उपयोग आहे. पण आधी एक परीक्षा द्या: बाकावर रायफल टेकवून नाही, तर काठीच्या तिकाटण्यावर ठेवून, उभ्याने, शंभर मीटरवरून पाच गोळ्या. पाचही जेवणाच्या ताटात बसल्या, तर तुम्ही तयार आहात. मॅग्नमने ताटाबाहेर आणि .३०८ ने ताटात बसत असतील, तर उत्तर मिळालं.

नळीच्या तोंडाला ब्रेक लावून धक्का कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याचे कान त्याची किंमत मोजतात. कानाचं संरक्षण दोघांनाही हवं.

मुलगी ऑस्ट्रेलियात आहे. तिकडे म्हणे आपलं सांबर आहे?

आहे, आणि मला हा प्रश्न फार आवडतो. १८६० च्या दशकात दक्षिण आशियातलं सांबर व्हिक्टोरिया प्रांतात सोडलं गेलं आणि तिथल्या दाट, ओल्या डोंगरात ते असं रुजलं की आज तिथे त्याची शिकार कायदेशीर आहे. कॅलिबर तिथला कायदाच सांगतो: सांबरासाठी किमान .२७०, आणि गोळी किमान १३० ग्रेनची. म्हणजे .२४३ घेऊन चितळ चालेल, सांबर नाही. माझ्या मते त्या दाट झाडीत .३०८ किंवा .३०-०६ मध्ये १६५ ते १८० ग्रेन घ्यावी. अंतर कमी असतं, पण सांबर मोठं, हाडं जाड, आणि गोळी लागून झाडीत घुसलं तर रक्ताचा माग हाच एक आधार. गोळी आरपार गेली, दोन भोकं पडली, तर माग चांगला मिळतो.

आपली आणखीही जनावरं अशी परदेशी झालीत. हिमालयातला ताहर १९०४ मध्ये न्यूझीलंडच्या डोंगरांत गेला. तिथे खडकांवरून लांबचा नेम लागतो, म्हणून .२७० किंवा ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम लोक पसंत करतात. आणि नीलगाय! १९२० आणि ३० च्या दशकांत ती दक्षिण टेक्सासातल्या एका प्रचंड कुरणावर सोडली गेली, आज तिथे हजारोंनी आहे. तिच्याकडे पाहून फसू नका. नराचं वजन अडीचशे किलोच्या घरात जातं, मानेचं नि खांद्याचं कातडं जाड, आणि गोळी लागल्यावर ती वाटेल तेवढी पळते. तिथले वाटाडे .३०० मॅग्नम किंवा .३३८ मागतात, आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. धक्का झेपत नसेल तर .३०-०६ मध्ये मजबूत गोळी घाला, दीडशे मीटरच्या आत जा, आणि जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबा.

आफ्रिकेत कायदा कसा पाहतो?

नामिबियात ऊर्जेवर नियम आहे. स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावराला किमान १,३५० ज्यूल. कुडू, ऑरिक्स, इलँड यांना २,७००. रानम्हैस, हत्ती यांना ५,४००. इलँड नऊशे किलोपर्यंत भरतो, तरी कायद्याने कुडूच्याच रांगेत आहे. पण कायद्याची किमान मर्यादा म्हणजे सल्ला नव्हे. इलँडला मी .३०-०६ ला शेवटची पायरी मानते, तीही २०० किंवा २२० ग्रेनच्या गोळीसह.

कोलोरॅडोतला नियम वेगळ्या भाषेत आहे: कॅलिबर किमान .२४, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेन, आणि शंभर यार्डांवर ठरावीक ऊर्जा. कागदोपत्री .२४३ ने एल्क मारता येतो. भाच्याला सांगा, कागद बाजूला ठेव आणि .३०-०६ घे.

रानम्हशीसाठी?

.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. १९१२ चं काडतूस आहे, आणि शंभर वर्षांनंतरही धोकादायक जनावरांसाठी सुरुवात तिथूनच होते. ३०० ग्रेनची गोळी, ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या आसपास. नामिबियाची ५,४०० ची अट ती जेमतेम ओलांडते. धक्का .३०-०६ च्या जवळपास दुप्पट. त्यावर .४१६ रिग्बी, .४५८ विंचेस्टर, .४७० नायट्रो एक्सप्रेस. ती हत्यारं मुख्यतः त्यांच्यासाठी, जे दुसऱ्याने जखमी केलेल्या म्हशीमागे झुडपात शिरतात.

या .४७० च्या मागे आपल्या देशाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोरवर (बोर म्हणजे नळीच्या भोकाची जाडी) बंदी घातली. त्या बोरची जुनी लष्करी मार्टिनी-हेन्री रायफल आणि तिचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून. इंग्लंडातल्या बंदूक बनवणाऱ्यांनी लगेच नियमाला वळसा घालून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसं काढली. आफ्रिकेत आजही .४७० चालते, ती इथल्या त्या बंदीमुळे.

कॉर्बेटने तर .२७५ ने नरभक्षक वाघ मारले. मग एवढ्या मोठ्या रायफली कशाला?

जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर, १९०७ मध्ये, .२७५ रिग्बी भेट मिळाली होती. हे काडतूस म्हणजेच ७×५७ माउझर, माझ्याकडे असलेलंच. आफ्रिकेतला हत्तींचा शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने त्याच काडतुसाने शेकडो हत्ती पाडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण अर्ध्याच सांगितल्या जातात. कॉर्बेटकडे जोडनळीची .४५०/४०० सुद्धा होती. बेल हत्तीच्या कवटीची रचना तोंडपाठ असलेला माणूस, पूर्ण आवरणाची लांब गोळी वापरून थेट मेंदूचा वेध घेणारा, तोही रोज करणारा. आयुष्यात एकदा, दहा दिवसांच्या सुट्टीवर गेलेल्या माणसाने त्याचं उदाहरण देऊ नये. त्यांच्याकडून घ्यायचं ते इतकंच, की त्यांना आपली रायफल हातासारखी ठाऊक होती.

गोळी कोणती घ्यावी?

लोक रायफलवर दोन महिने विचार करतात आणि गोळीवर दोन मिनिटं. उलट हवं.

साधी शिशाची, पातळ तांब्याच्या आवरणाची गोळी लहान हरणाला ठीक. मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर ती वेगात आदळली तर तुकडे होऊन वरवर थांबते. १९४६ मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याला चिखलाने माखलेल्या मूसवर हाच अनुभव आला. हातात .३०० मॅग्नम होती, रायफल कमी नव्हती, गोळीच आत पोचेना. त्याने मधोमध तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा आत जात राहतो. १९४८ पासून ती विक्रीत आहे. आता शिसं आवरणाला जोडलेल्या गोळ्या आहेत, अखंड तांब्याच्या आहेत. मोठ्या जनावराला यांतलीच एक घ्या.

माझी पसंती अखंड तांब्याला, आणि त्याचं कारण टेबलावरचं आहे. शिशाची गोळी फुटते तेव्हा बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात. ते मांस माणसं खातात, उरलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून शिकारीत शिशावर बंदीच घातली. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. तुमच्या रायफलला ती मानवते का, ते आधी तपासा. बहुतेकदा एक पायरी हलकी गोळी घेतली की जमतं.

किती अंतरावरून?

पहिल्या सहलीत दोनशे मीटरच्या पुढे नाही. .३०-०६ दोनशे यार्डांवर जुळवलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमाच्या जागीच बसत असेल, तर तीनशे यार्डांवर गोळी साधारण वीतभर खाली उतरते. वारा त्यात आणखी ढकलतो. वीतभर म्हणजे फुप्फुसं आणि मोडलेला पाय यांतलं अंतर.

आमच्याकडे आजोबांची .३१५ आहे. ती चालेल?

मुरबाडहून येणाऱ्या एका काकांचा हा प्रश्न, भाताचं पीक रानडुकरं उधळतात म्हणून. .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर, आपल्या आयुध निर्माणीची रायफल, गोळी २४४ ग्रेनची, जड आणि संथ. शंभर मीटरच्या आत रानडुकराला ती पुरेशी आहे. पण "पीक खातंय" म्हणून आपल्याच शेतात आपणच गोळी घालता येत नाही. कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वनविभागाची लेखी परवानगी लागते. काकांना मी वनपरिक्षेत्र कार्यालयात पाठवलं, आणि आधी नुकसानभरपाईचा अर्ज करायला सांगितलं.

.३०३ चं विचारत असाल, तर ती आणि ७.६२ मिलिमीटर निषिद्ध बोर आहेत, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, कारण लष्करी काडतूस त्यांत बसतं. त्याच कारणाने .३०८ इथे अडकते. .३०-०६ आणि .३७५ अडकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. ठाणे आणि नवी मुंबईत परवाना पोलीस आयुक्त देतात, शहापूर-मुरबाडकडे जिल्हाधिकारी.

ठाण्यात राहून सराव कसा करायचा?

.१७७ एअर रायफलने. वीस ज्यूलच्या आतल्या अशा रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, पण ती रेंजवरच चालवा, गच्चीवर नको. दहा मीटरवर श्वास, चाप आणि गोळी सुटल्यावरही नजर न हलवणं, हे सगळं शिकता येतं. पुढे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, तिथे .२२ ची ओळख करून घ्या. स्वप्नील कुसाळेने पॅरिसचं कांस्य .२२ वरच मिळवलं. त्याच्या उभ्याने मारलेल्या गोळ्या पाहा: शरीर कसं स्थिर होतं, किती वेळा तो रायफल खाली घेतो आणि पुन्हा सुरुवात करतो. ते खाली घेणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मोठ्या बोरची सवय मात्र तिकडे पोचल्यावर पहिले दोन दिवस रेंजवर घालवून करा.

इथून रायफल न्यावी का?

नको. तिथे भाड्याने मिळते आणि कागदपत्रांचा महिनाभराचा त्रास वाचतो. पण एक गोष्ट जीव तोडून सांगते: परत निघताना प्रत्येक खिसा, प्रत्येक मोजा, बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करा. मुंबई विमानतळावर बॅगेत एक जिवंत काडतूस निघालं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि "चुकून राहिलं" हे पोलीस ठाण्यात सांगत बसावं लागतं. शिंगं, कातडं आणायच्या फंदात पडू नका. फोटो आणा.

येऊरच्या बिबट्याच्या भीतीने बंदूक घ्यावी का?

नाही. कचरा झाकून ठेवा, कुत्री रात्री घरात घ्या, मुलांना अंधारात एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर वनविभागाला फोन करा.

गोळी लागली, जनावर पळालं. आता काय?

जागेवरून हलू नका. ते कुठे उभं होतं, कुठल्या झाडामागे दिसेनासं झालं, ते मनात पक्कं करा. पुन्हा काडतूस भरा. अर्धा तास थांबा. मग उभ्या जागी जाऊन रक्त पाहा: फेसाळ, गुलाबी असेल तर फुप्फुसं, जनावर जवळच पडलेलं असणार. गडद लाल असेल तर बहुधा यकृत, अजून तासभर थांबा. हिरवट कण आणि वास असेल तर पोट. तेव्हा घाई केलीत तर ते मैलभर पळेल. चार-पाच तास थांबून, माग काढणाऱ्या माणसाला पुढे ठेवून, हळू जा. अंधार पडला तरी शोध सोडू नका, पहाटे पुन्हा सुरू करा. पुढचे सगळे बेत रद्द करा. बहुतेक देशांत जखमी करून हरवलेल्या जनावराचे पैसे भरावेच लागतात, पण ते भरले म्हणून शोध संपत नाही.